सड्यावर एक खड्डा पुरत नाही

पावसाळा स्थिरावला की सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळपठारांवर, माती तपासणाऱ्या मंडळींचा एक प्रश्न कसबा पेठेतल्या आमच्या कार्यालयात हमखास येतो: कासच्या पठारावर गांडुळे किती सापडायला हवीत? याला एका आकड्यात उत्तर नाही आणि कुणी दिले तरी घेऊ नये.

कास सुमारे १२०० मीटर उंचीवर आहे, म्हणून अहवालांत उंचीचा रकाना हमखास भरलेला असतो. मातीच्या खोलीचा मात्र नसतो. सड्यावर तीच निर्णायक ठरते, असे आमचे ठाम मत आहे. जांभ्याच्या कातळावर माती जेमतेम बोटभर. चार पावलांवरच्या खोलगटात ती वीतभर. कडेच्या झाडीत वर पालापाचोळ्याचा थर. बोटभर मातीत खोल बीळ करणारे गांडूळ राहणार कुठे? तिथे गवताच्या मुळांशी किंवा ओल्या शेणाखाली एखादी लहान जात मिळाली तर मिळते. खोलगटात माती खाणाऱ्या जातींना वाव असतो, पण पाणी फार दिवस तुंबले की हवेअभावी त्याही टिकत नाहीत. उन्हाळ्यात काही जाती खाली जाऊन वेटोळे करून निपचित पडतात. ज्यांना खाली जायला मातीच नाही, त्यांची पुढची पिढी कोषातच पाऊस येईपर्यंत तग धरते. मे महिन्यातल्या शून्याला म्हणूनच फारसा अर्थ नाही.

पद्धत जुनीच: २५ सेंमीची चौरस चौकट, ३० सेंमीपर्यंत खोदाई, माती हाताने निवडायची. कातळ आधी लागला तर किती सेंमीवर लागला ते लिहा. कातळ, खोलगट आणि झाडी यांच्या नोंदी वेगळ्या ठेवा. त्यांची सरासरी काढू नका. मानेजवळ फुगीर पट्टा असलेली प्रौढ गांडुळेच ओळखीसाठी जपा, पिल्लांवरून जात सांगता येत नाही. वनखात्याची परवानगी आधी घ्या आणि उचललेला गवताचा गड्डा होता तसा परत बसवा.

खतासाठी पाळली जाणारी गांडुळे मात्र परकी: आयसेनिया फेटिडा युरोपातली, युड्रिलस युजेनी आफ्रिकेतली. वाड्याच्या गॅलरीतल्या खतपेटीत ती खुशाल नांदोत. सड्यावर ती सोडू नका. वृक्षारोपणाच्या रोपांबरोबर पिशवीतल्या मातीतून परक्या गांडुळांचे कोष वर जातात, याकडे तर कुणाचेच लक्ष नसते. दक्षिण अमेरिकेतले पाँटोस्कोलेक्स हे गांडूळ असेच मातीबरोबर जगभर पसरले. मुळात उघडा सडा ही झाडे लावायची जागाच नव्हे.

यंदाच्या नोंदी पाठवताना रिकामे निघालेले खड्डेही पाठवा, मातीच्या खोलीसकट.