समुद्रकाठी लग्न, पण बेताच्या खर्चात



लग्नसराई जवळ आली की आपल्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूरच बदलतो. एरवी लोणच्याला बुरशी का येते, रेशमी साडीवरचा तेलाचा डाग कसा काढावा, असं विचारणाऱ्या भगिनी मग कार्यालय, आचारी आणि मानपान यांविषयी लिहू लागतात. या वेळी मिरजेहून आलेलं एक पत्र मात्र जरा निराळं आहे.

या भगिनी लिहितात, “मुलगी पुण्याला नोकरी करते. जावईही तिनंच पसंत केला, आम्हालाही मुलगा आवडला. दोघांचा हट्ट असा, की लग्न कोकणात समुद्रकाठी करायचं आणि दोन्हीकडची मिळून चाळीसच माणसं. कपडे-दागिने सोडून तीन लाखांपर्यंत खर्च करायचा असं दोन्ही घरांनी मिळून ठरवलंय. ह्यांच्या निवृत्तीला दोनच वर्षं राहिली आहेत, त्यामुळे कर्ज काढायचं नाही. पण आमच्या घरात चारशे पानांखाली लग्न झालेलं नाही. मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, ‘म्हणजे आम्ही आता परके झालो का?’ त्या दिवसापासून माझी झोप उडालीय. हे लग्न एवढ्या पैशांत होईल का? आणि माणसं न दुखावता होईल का?”

प्रश्न दोन आहेत आणि दोन्ही रास्त आहेत. आधी पैशांचा सोडवू, कारण दुसऱ्याचं उत्तर त्यातूनच निघतं.

हिशेब माणसांचा

कार्यालयातल्या लग्नात एक पाहुणा वाढला तर एक पान वाढतं. गावाबाहेरच्या लग्नात तसं नसतं. तिथे एक पाहुणा म्हणजे गाडीतली एक जागा, दोन रात्रींचं अंथरूण आणि दोन दिवसांचं चहा-नाश्ता-जेवण. आता हे कागदावर मांडून पाहू. पुढचे आकडे उदाहरणादाखल धरले आहेत. तुम्ही आपल्या चौकशीचे घाला, रीत तीच राहील.

प्रवास माणशी १,५०० रुपये, दोन रात्रींचा मुक्काम २,०००, दोन दिवसांचं खाणं १,४००. म्हणजे माणशी ४,९०० झाले. चाळीस माणसांचे १,९६,०००. मांडव, खुर्च्या, फुलं, दिवे यांना ४०,००० धरा. भटजींची दक्षिणा, पूजेचं साहित्य आणि फोटो यांना ३५,०००. बेरीज २,७१,००० होते. उरलेल्या २९,००० ला हात लावायचा नाही. ऐन वेळी गाडी बिघडते, कुणाला दवाखान्यात न्यावं लागतं, त्यासाठी ते आहेत.

आता याच हिशेबात “एवढी पंधराच माणसं अजून घेऊ या” म्हटलं, की ७३,५०० रुपये वाढले. म्हणजे शिल्लक गेली आणि वर ४४,५०० चं कर्ज डोक्यावर आलं. तेव्हा भगिनी, तुमच्या मुलीनं सांगितलेला चाळीसचा आकडा हट्टाचा वाटला तरी तोच तुमचं बजेट राखणार आहे. तो आधी पक्का करा आणि मग गाव शोधा. पुष्कळ जण आधी किनाऱ्याच्या प्रेमात पडतात, मग यादी करायला बसतात आणि फसतात.

आणखी एक फसगत सांगून ठेवते. समुद्रकाठी चाळीस माणसांत लग्न करायचं आणि परत आल्यावर समाधानासाठी चारशे पानांचं स्वागत समारंभाचं जेवण घालायचं. ही दोन लग्नं झाली! तसं करायचं असेल तर सरळ मिरजेतच कार्यालय घ्यावं. त्यात कमीपणा काहीच नाही.

गाव आणि महिना

मिरजेकडून आंबा घाटानं रत्नागिरी आणि गणपतीपुळे, कराडवरून कुंभार्ली घाटानं चिपळूण आणि गुहागर, गगनबावड्यावरून मालवण-तारकर्ली, अशा वाटा आहेत. वरपक्ष पुण्याचा आहे, म्हणजे दोघांनाही निम्मं-निम्मं अंतर पडेल असं गाव बघा. एसटीची गाडी प्रासंगिक करारावर मिळते, त्याची आगारात चौकशी करा. मुंबईकडून कुणी येणार असेल तर कोकण रेल्वे आहेच. १९९८ सालापासून ती रोह्यापासून मंगळुरूपर्यंत सलग धावते. मात्र रेल्वेचं आगाऊ आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी सुरू होतं, पूर्वीसारखं १२० दिवस नाही. तारीख वहीत लिहून ठेवा. गोव्याचं नाव मोठं, पण तुम्हाला ते लांब पडेल.

जून ते सप्टेंबर पावसाचे, ते सोडून द्या. दिवाळीची सुट्टी, नाताळ ते नववर्ष आणि मे महिना हे गर्दीचे दिवस. तेव्हा त्याच खोलीचे दर चढतात. जानेवारीचा मध्य ते फेब्रुवारीअखेर हवा चांगली असते, आणि आठवड्याच्या मधल्या वारी मुहूर्त धरला तर खोल्यांच्या दरात घासाघीसही करता येते. मोठ्या हॉटेलाऐवजी किनाऱ्याजवळचं वाडीतलं घरगुती राहण्याचं ठिकाण बघा. दहा-बारा खोल्या आणि पुढे सारवलेलं किंवा फरशीचं मोठं अंगण असलं, की तेच तुमचं कार्यालय. जागा ठरवायला फोटोवर विसंबू नका. दोघांनी जाऊन या. संडास किती आहेत ते मोजा. चाळीस माणसांना, त्यातही सकाळी सहा वाजता शालू नेसायच्या घाईत असलेल्या बायकांना, हा प्रश्न फुलांच्या सजावटीपेक्षा मोठा असतो!

समुद्राचं घड्याळ

मुहूर्त भटजी काढतील, पण समुद्राचाही मुहूर्त बघावा लागतो. दिवसातून दोनदा भरती येते, दोनदा ओहोटी, आणि रोज त्यांची वेळ साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. कोकणात एक जुना ठोकताळा आहे. तिथीची पाऊणपट करावी, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास, आणि पूर्ण ओहोटी सहा तासांनी, नऊच्या सुमारास. सकाळी नऊच्या मुहूर्ताला चतुर्थी-पंचमी सोयीची, वाळू लांबवर मोकळी मिळेल. द्वादशीला मात्र नऊ वाजताच भरती! संध्याकाळी सहाचा मुहूर्त असेल तर पौर्णिमा चांगली, अष्टमी नको. हा ठोकळ हिशेब झाला, गावोगाव वेळ थोडी मागेपुढे होते. शेवटची खात्री त्या गावातल्या कोळी बांधवांकडून करून घ्या. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, तेव्हा पाणी एरवीपेक्षा बरंच वर येतं. मांडव त्या रेषेच्या अलीकडेच घालावा.

माझ्या मते सकाळ बरी. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी ऊन माडा-सुरूंच्या मागून येतं, त्यामुळे वाळूवर थोडा वेळ सावली असते आणि वाराही शांत असतो. दुपारनंतर समुद्रावरचा वारा सुटतो, अंतरपाट हातात धरवत नाही आणि होमातला निखारा कुठे उडेल त्याचा नेम नाही. म्हणून असं करा. होम, सप्तपदी आणि बाकीचे विधी अंगणातल्या मांडवात. वाळूवर फक्त अंतरपाट, मंगलाष्टका आणि माळा. तासाभराचं काम. म्हणजे किनाऱ्यावर मोठा मांडव, विजेच्या तारा, व्यासपीठ काही लागत नाही. सतरंज्या, वीस-पंचवीस खुर्च्या, चार बांबूंना आंब्याचे टाळे आणि झेंडूच्या माळा, झालं. वधू-वरांच्या मागे समुद्र असताना आणखी सजावट हवी तरी कशाला?

आजी-आजोबांसाठी एक दक्षता घ्या. चाकाची खुर्ची वाळूत रुतते. घरापासून वाळूपर्यंत पायवाट सपाट आहे ना, ते आधी पाहा आणि त्यांच्या खुर्च्या पक्क्या जमिनीवरच मांडा. सगळ्यांना सपाट चपला घालायला सांगा. नाजूक दागिने वाळूत पडले तर परत मिळणं कठीण, तेव्हा ते शक्यतो घरीच बरे. आणि मुलांवर, त्याहूनही तरुण मंडळींवर, लक्ष ठेवायला दोन जबाबदार माणसं नेमा. वरून शांत दिसणाऱ्या पाण्यातही ओढ असते. स्थानिक माणूस ‘नको’ म्हणाला तर घोट्यापलीकडे पाण्यात जायचं नाही, हा नियम वऱ्हाडाला आदल्या रात्रीच सांगा.

कागदपत्रं आणि परवानग्या

किनारा कुणाच्या मालकीचा नसतो. समोरच्या घराचे मालक “आमचाच आहे हो” म्हणाले तरी ग्रामपंचायतीत लेखी अर्ज द्या. महाराष्ट्र सागरी मंडळाची आणि तहसील कचेरीची परवानगी लागते का, तेही तिथेच विचारा. ध्वनिक्षेपक लावणार असाल तर पोलीस ठाण्याची परवानगी हवी. रात्री दहा ते सकाळी सहा तो बंदच ठेवावा लागतो, २००० सालच्या नियमांनी तसं ठरवून दिलं आहे. वेळास, आंजर्ले अशा किनाऱ्यांवर थंडीच्या दिवसांत समुद्री कासवं अंडी घालायला येतात. प्रखर दिव्यांनी त्यांची आणि पिल्लांची वाट चुकते, म्हणून तिथे रात्रीचा झगमगाट नको. गाडी वाळूवर न्यायची नाही आणि निघताना शेवटची पत्रावळसुद्धा उचलून आणायची.

लग्नाची नोंदणीही विसरू नका. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याप्रमाणे लग्नानंतर ९० दिवसांच्या आत ती करायची असते. विधी लावणाऱ्या भटजींची सही आणि साक्षीदार लागतात. भटजी कोकणातले असले तर त्यांची सही आणि आधारकार्डाची प्रत निघण्यापूर्वीच घेऊन ठेवा, म्हणजे नंतर एका सहीसाठी घाट उतरावा लागणार नाही.

पंगत

स्वयंपाक शहरातून नेऊ नका. गावातल्या महिला बचत गटाला किंवा घरगुती खाणावळीला सांगा. पैसे बायकांच्या हाती पडतील आणि जेवण ताजं मिळेल. न्याहारीला घावनं किंवा आंबोळी आणि चटणी. पानात वालाचं बिरडं, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, पुरी, मसालेभात, वरणभात, सोलकढी आणि उकडीचे मोदक. आल्यागेल्याला कोकम सरबत. चाळीस माणसांना दहा प्रकारची पक्वान्नं लागत नाहीत, गरम वाढलेलं लागतं. पिण्याच्या पाण्याचे जार मात्र मोजून, दोन जास्तच मागवा.

आता जाऊबाई

भगिनी, आता तुमची झोप उडवणारा प्रश्न. कुणीच दुखावणार नाही असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. चारशेंची चाळीस झाली की कुणीतरी रुसणारच. पण रुसवा दोन प्रकारचा असतो. ‘मला बोलावलं नाही’ हा एक, आणि ‘तिला बोलावलं, मला नाही’ हा दुसरा. पहिला चार महिन्यांत विरतो. दुसरा पुढच्या पिढीपर्यंत जातो.

म्हणून यादी आवडीनिवडीनं करू नका, नात्याच्या पायरीनं करा. आजी-आजोबा, आई-वडील, सख्खी भावंडं आणि त्यांचे जोडीदार, इथे रेघ ओढा. मग त्या रेघेखाली एकालाही वर घ्यायचं नाही. जो मावशीला नियम तोच आत्याला, जो तुमच्या माहेराला तोच सासरला. तुमच्या लाडक्या चुलतबहिणीचं नाव आधी स्वतःच्या हातानं खोडा. ते जाऊबाईंना दिसलं, की तुमच्या शब्दाला वजन येईल. या हिशेबानं मोठे दीर आणि जाऊबाई यादीत येतातच. त्यांची लग्न झालेली मुलं, सुना, नातवंडं येत नाहीत, आणि बहुधा त्यांचं खरं दुखणं तेच असावं. त्यांना परकं वाटू द्यायचं नसेल तर त्यांना काम द्या. “वहिनी, मुलीची ओटी तुम्हीच भरायची, रुखवताचंही तुम्हीच बघायचं,” असं त्यांच्या घरी जाऊन सांगा. फोनवर नाही.

जे येणार नाहीत त्यांना बातमी दुसऱ्याकडून कळू देऊ नका. पत्रिका छापण्याआधी यजमानांना घेऊन चार घरं स्वतः फिरा आणि कारण खरं ते सांगा, “दोघांच्या मिळकतीत, कर्ज न काढता करतोय.” आपल्या मध्यमवर्गात हे कारण कुणाला कळत नाही? केळवणाला कुणी बोलावलं तर नाही म्हणू नका. लग्न मोबाइलवरून दाखवायचं असेल तर किनाऱ्यावर रेंज आहे का, ते आधीच पाहून ठेवा. परतल्यावर एका रविवारी सत्यनारायण करा आणि संध्याकाळी तीर्थप्रसाद, पोहे नि चहा. जेवण नाही, आहेर नाही. नवं जोडपं प्रत्येकाच्या पाया पडेल, दोन शब्द बोलेल. चारशे पानांच्या पंगतीत तेवढं बोलणं तरी कुठे होतं?

आणि एक गोष्ट यजमानांशी आज रात्रीच बोलून घ्या. वाढीव माणसांचा आग्रह पुष्कळदा शेवटच्या आठवड्यात, घरच्याच मोठ्या माणसाकडून येतो. त्या वेळी “नाही” कुणी म्हणायचं? ते तुम्हा एकटीच्या गळ्यात पडू देऊ नका. भावाला भावानं सांगावं, जावेला जावेनं.

चाळीस नावांचा कागद झाला की दोघांनी त्यावर सही करा आणि कपाटात ठेवा. मग खुशाल पंचांग उघडा. पुढच्या अंकात रुखवतातले टिकाऊ पदार्थ पाहू.