अर्ध्या सेंटची ग्रंथालये

जॉन स्टाइनबेक शिकवताना आपण त्याच्या जन्मगावाचा, कॅलिफोर्नियातील सलीनसचा, उल्लेख एखाद्या तीर्थक्षेत्रासारखा करतो. तेथील शेतमळे, स्थलांतरित मजूर हे त्याच्या लेखनाचे मूलद्रव्य. मात्र याच गावात २००४ च्या अखेरीस त्याच्या नावाचे सार्वजनिक ग्रंथालय बंद करण्याचे ठरले होते, हे आपल्या टिपणांत सहसा येत नाही.

१९७८ च्या तेराव्या प्रस्तावाने कॅलिफोर्नियात मालमत्ता कराला वेसण घातली गेली. पुढे १९९६ च्या दोनशे अठराव्या प्रस्तावाने स्थानिक करांना मतदारांची संमती अनिवार्य केली. नोव्हेंबर २००४ मध्ये सलीनसच्या मतदारांनी करवाढ नाकारली आणि स्टाइनबेक, सेझार चावेझ व एल गॅबिलान या तिन्ही ग्रंथालयांवर कुलूप लागण्याची वेळ आली. देशभर गहजब झाला. एप्रिल २००५ मध्ये निषेध म्हणून सलग चोवीस तास वाचन झाले. देणग्यांच्या आधारे दारे आठवड्यातून थोडे तास उघडी राहिली. अखेर नोव्हेंबर २००५ मध्ये ‘मेझर व्ही’ हा डॉलरमागे अर्ध्या सेंटचा, दहा वर्षांचा विक्रीकर मंजूर झाला. २०१२ मध्ये मतदारांनी त्याची कालमर्यादाही काढून टाकली.

हा साहित्याचा विजय म्हणून सांगितला जातो. मला तो इतका निर्मळ वाटत नाही. विक्रीकर माणूस पाहत नाही. किराण्यातील बहुतेक खाद्यपदार्थ तेथे करमुक्त आहेत, हे खरे. पण मुलाचे बूट आणि वह्या यांवर लेट्यूस तोडणारा मजूर मळेमालकाच्याच दराने कर भरतो. मिळकतीच्या मानाने मजुराचा वाटा जड. शिवाय त्या मळ्यांत राबणाऱ्या अनेकांना नागरिकत्व नाही, म्हणजे मतही नाही. ज्याने कर भरायचा त्यालाच कौल विचारला गेला नाही.

दुसरी गोष्ट कायद्याची. विशिष्ट कामासाठी राखून ठेवलेल्या करास तेव्हा दोन-तृतीयांश मते लागत, सर्वसाधारण करास साधे बहुमत पुरत असे. ‘मेझर व्ही’ने दुसरी वाट धरली. त्यामुळे ग्रंथालयाला कायद्याचा नव्हे, केवळ शब्दाचा आधार मिळाला. पोलीस, बागा आणि पुस्तके एकाच तिजोरीपुढे रांगेत उभी राहिली.

तरीही मी त्या करास होकारच दिला असता. कारण बंद दाराचा भारही समान नसतो. मळेमालकाच्या मुलाच्या घरी पुस्तकांचे कपाट असते. मजुराच्या मुलाला चावेझ ग्रंथालयाखेरीज दुसरे कपाट नाही. अन्याय्य कर भरून उघडे राहिलेले दार हे न्याय्य तत्त्वाखातर बंद झालेल्या दारापेक्षा त्या मुलाला अधिक मोलाचे आहे. पण म्हणून तो कर न्याय्य ठरत नाही, आणि मजुराच्या खिशावर चाललेल्या ग्रंथालयाला साहित्याचा विजय म्हणताना जीभ अडखळली पाहिजे. स्टाइनबेक वाचून एवढे तरी आपल्या हाती लागावे.

आपल्याकडे मद्रासच्या १९४८ च्या कायद्याने ग्रंथालय उपकराची तरतूद केली. महाराष्ट्राच्या १९६७ च्या कायद्यात ती नाही. आपली वाचनालये अनुदानाची वाट पाहतात आणि आपण वाचनसंस्कृतीच्या ऱ्हासावर परिसंवाद भरवतो. उद्या रुपयामागे अर्धा पैसा द्याल का, असा प्रश्न मतपत्रिकेवर आला, तर आपण, साहित्याचे विद्यार्थी आणि शिक्षक, कोणते उत्तर देऊ?