मुंग्या पायाला येतात, मनाला नाही



हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा श्रावण सुरू झालेला असेल. उपासांचे दिवस. म्हणून ही गोष्ट पुढच्या अंकावर न ढकलता आताच लिहिते.

दीड वर्ष माझे तळपाय रात्री जळत होते. आधी वाटलं, चालणं फार होतंय. वस्त्यांतल्या फेऱ्या, एसटीतला उभ्याचा प्रवास, त्यात आश्चर्य ते काय? मग एक दिवस बैठकीला पोचले तर एका पायात चप्पलच नव्हती. वाटेत कुठे निसटली ते कळलं नव्हतं. सगळ्या हसल्या, मीही हसले. डॉक्टरांकडे गेले. त्यांनी वय विचारलं, पाळी चालू आहे का विचारलं, आणि ‘या वयात बायकांना होतं असं, फार विचार करू नका’ म्हणत झोपेची गोळी लिहून दिली. पायाला हातसुद्धा न लावता. दुसऱ्या डॉक्टरांनी लाल सुया दिल्या. चार दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. इतकी वर्षं आरोग्य शिबिरं घेणारी मी, पण ‘हे कशामुळे होतंय, तपासणी कुठली करायची?’ एवढा प्रश्न विचारायला मला दीड वर्ष लागलं. शेवटी रक्त तपासलं तेव्हा ब-१२ जीवनसत्त्व तळाला गेलेलं निघालं.

बैठकीत हे सांगितलं आणि एकेक जण बोलू लागली. शिवणकाम करणारीला सुई बोटात धरलेली कळत नाही. दुसरीला अंधारात संडासला जाताना तोल जातो, म्हणून ती संध्याकाळनंतर पाणीच पीत नाही. तिसरी म्हणाली, वात आहे, आमच्या आईलाही होता. बहुतेकींनी ते अंगावर काढलं होतं. ज्या दवाखान्यात गेल्या त्यांना मन शांत ठेवा, नाहीतर ताकदीची सुई घ्या, यापलीकडे काही मिळालं नव्हतं. मुंग्या पायाला येतात आणि उपचार मनावर! बाईचं दुखणं दिसलं नाही की ते तिच्या डोक्यात आहे असं ठरतं, हे आपण बाळंतपणापासून पाळीपर्यंत पाहिलंच आहे.

पुढे तपासण्या झाल्या तेव्हा सगळ्यांचं कारण एकच निघालं नाही, हेही सांगायला हवं. एकीला मधुमेह होता आणि तिला पत्ताच नव्हता. शिवणकामवालीची मनगटातली नस दबली होती. तिला जीवनसत्त्वाने नव्हे, मनगटाला आधार आणि विश्रांती मिळाल्यावर फरक पडला. (विश्रांती, म्हणजे मजुरी बुडवून. ते वेगळंच.) पण ब-१२ कमी असलेल्याही होत्या, आणि त्यांच्याबद्दल जास्त लिहिते, कारण हे दुखणं वेळेवर ओळखलं तर थांबतं आणि उशीर झाला तर कायमचं राहतं.

विजेच्या तारेवर जसं रबराचं वेष्टण असतं तसं मज्जातंतूंवरही वेष्टण असतं. ते धड राहायला ब-१२ लागतं. गरज किती? दिवसाला फक्त दोन-अडीच मायक्रोग्रॅम. पण ते भाजीत नाही, डाळीत नाही, भाकरीत नाही. मांस, मासे, अंडी आणि दूधदुभतं एवढ्यातच ते असतं. यकृतात त्याचा साठा काही वर्षं पुरतो, म्हणून तूट लगेच कळत नाही. कळते तेव्हा जीभ लाल होऊन झोंबते, पाय जळतात, बधिर होतात, विसरायला होतं, उदास वाटतं. उदास वाटतं म्हटलं की मग आहेच झोपेची गोळी.

आता घरातलं ताट बघा. शाकाहारी घरात दूध मुलांना, दही पुरुषांच्या पानात, आणि बाईच्या वाट्याला कोरा चहा. मटण शिजणाऱ्या घरात तरी काय? फोडी वाढून संपतात आणि शेवटी जेवणारीला पातेल्याला लागलेला रस्सा राहतो. त्यावर सोमवार, गुरुवार, चतुर्थी, श्रावण, नवरात्र. आई अंडं शिजवते पण खात नाही, याचं आपल्याकडे कौतुकच होतं. उपास करावा की नाही हे ज्या त्या मैत्रिणीने ठरवावं. पण घरातले उपास कोणाच्या वाट्याला येतात, हे मोजून बघायला काय हरकत आहे?

आपणही या बाबतीत कमी पडलो. १९२८ मध्ये ल्युसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईला आली होती. कापड गिरण्यांतल्या गरोदर कामगार बायकांना एक भयंकर पंडुरोग होत असे, त्याचं कारण तिला शोधायचं होतं. तिने या बायकांचा आहार तपासला. यीस्टपासून केलेलं मार्माइट दिल्यावर त्यांचं रक्त भरून येतं, हे तिने १९३१ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यातला जो घटक होता त्याला आज आपण फॉलिक आम्ल म्हणतो. पुढे चाळीसच्या दशकात डॉक्टरांनी हेच फॉलिक आम्ल ब-१२ च्या तुटीमुळे पंडुरोग झालेल्यांना देऊन पाहिलं. रक्त सुधारलं, पण नसा बिघडत गेल्या. म्हणजे फॉलिकने रक्ताचं चित्र बरं दिसतं आणि आतलं नुकसान चालूच राहू शकतं. सरकारने १९७० पासून लोह आणि फॉलिक आम्लाच्या गोळ्या वाटल्या, आपण गटागटांतून त्यांचा प्रचार केला, आणि ते बरोबरच होतं. त्या गोळ्या गरोदरपणात घ्यायलाच हव्यात. पण आपण हिमोग्लोबिन मोजून थांबलो. हिमोग्लोबिन चांगलं असलेल्या बाईच्याही नसा ब-१२ अभावी बिघडू शकतात, हे कुठल्याच शिबिरात आपण सांगितलं नाही. मी तर नाहीच.

पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावर मोठं काम केलं आहे. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून त्यांनी गरोदर बायकांचा अभ्यास केला. त्यात सुमारे दोन-तृतीयांश जणींचं ब-१२ कमी आढळलं. २००६ साली त्यांनी खेडं, झोपडपट्टी आणि शहरी मध्यमवर्ग अशा तीन थरांतल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तिथेही तेवढीच तूट दिसली. हे काम मोलाचं आहे. तरी मनात आलंच : एकीकडे गर्भार बाई, दुसरीकडे मध्यमवयीन पुरुष. पोटात मूल नसलेली, पंचेचाळीस वर्षांची, पाय जळणारी बाई या दोन्हींत कुठेच नाही.

म्हणून सरसकट सगळ्यांनी गोळ्या घ्यायच्या का? नाही. औषधांच्या दुकानात ‘नसांसाठी’ म्हणून मिळणाऱ्या गोळ्यांत बहुधा ब-१, ब-६ आणि ब-१२ एकत्र असतात. तूट नसेल तर त्यांनी नसांचं दुखणं बरं होतं याला भक्कम पुरावा नाही. आणि ब-६ जास्त झालं तर तेच नसा बिघडवतं! १९८३ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी अशा सात जणांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांतली एक तरुणी पाळीपूर्वीची सूज कमी व्हावी म्हणून ब-६ घेत होती. त्यांचे डोस प्रचंड होते, पण नंतर कमी डोसवरही त्रास झालेला दिसला. २०२३ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने मोठ्या माणसासाठी दिवसाला १२ मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा घातली. तेव्हा घरातल्या गोळीच्या पाकिटावर पायरिडॉक्सिनपुढचा आकडा वाचा. दोन-तीन प्रकारच्या गोळ्या चालू असतील तर त्यांची बेरीज करा. आणि त्या लाल सुईचा रंग ब-१२ मधल्या कोबाल्टमुळे येतो. त्याने अंगात रक्त चढत नाही.

ज्यांना त्रास आहे त्यांनी गोळी किंवा सुई सुरू करण्याआधी रक्त तपासून घ्यावं, कारण नंतर आकडा वर जातो आणि मूळ तूट कळत नाही. सोबत साखर आणि थायरॉईडही बघावं. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा पित्तासाठी वर्षानुवर्षं गोळ्या चालू असतील तर ब-१२ कमी होऊ शकतं. त्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना तपासणीबद्दल विचारा. बधिर चट्टा असेल तर कुष्ठरोगाची शंका घ्या, लाजू नका, सरकारी औषध मोफत आहे आणि त्याने तो बरा होतो. पायांतली ताकद जात असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटत असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. तूट निघाली तर ब-१२ ची सुई किंवा मोठ्या डोसची साधी गोळी, दोन्ही चालतात. महागडं मिश्रण लागत नाही.

पण ही तपासणी आमच्याजवळच्या सरकारी केंद्रात झाली नाही, खाजगीत पैसे मोजावे लागले. मला परवडलं. धुणीभांडी करणाऱ्या मैत्रिणीसाठी आम्ही वर्गणी काढली. आणि ताटाचं काय? शाळेतल्या मुलांना आठवड्यातून एक अंडं राज्य सरकारने २०२३ च्या नोव्हेंबरात सुरू केलं आणि २०२५ च्या जानेवारीत त्याचा निधी काढून घेतला. बैलाचं स्वस्त मांस २०१५ च्या कायद्याने बंद झालं, ज्यांच्या घरात तेवढंच परवडायचं त्यांना कोणी विचारलं नाही. मुलांच्याच अंड्याची ही गत, तर त्यांच्या आयांच्या अंड्याची मागणी कोण करणार? आरोग्य केंद्रात ब-१२ ची तपासणी मोफत व्हावी, या मागणीचं निवेदन आम्ही तयार करतो आहोत. तुमच्या भागात ही तपासणी कुठे होते, किती पैसे पडतात, कोणाला काय उत्तर मिळालं, ते महिन्याभरात लिहून कळवा.

पुढच्या शिबिराला आमची डॉक्टर मैत्रीण नादकाटा घेऊन येणार आहे. तो वाजवून घोट्यावर ठेवतात आणि थरथर कळते का विचारतात, एवढंच. माझ्या पायांची आग सुयांनंतर गेली. डाव्या पायाच्या दोन बोटांना मात्र ती थरथर अजून कळत नाही.