वेळ टळल्यावरचा प्राणवायू

सध्या एक मत मोठ्या ऐटीत मिरवतं आहे. कार्बन मोनॉक्साइडने मेंदूला इजा झाली, मग सहा महिने लोटले असोत की वर्ष, रुग्णाला प्रेशर चेंबरमध्ये बसवा, हायपरबॅरिक ऑक्सिजनच्या चाळीस सिटिंग द्या, ‘झोपलेल्या’ पेशी जाग्या होतील. सातपाटी-बोईसरकडच्या घरांनी त्यापायी दागिने मोडून मुंबईच्या खेपा घालाव्यात, हे ओघानेच आलं. प्राणवायू कमी पडून मेंदू बिघडला, तर आता तो दाबून भरा! हिशेब इतका सोपा, की शंका घेणाराच निर्दयी ठरतो.

या हिशेबातून वेळ तेवढी गळली आहे. हा वायू हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, हे खरं. पण कायमचा नव्हे. साध्या हवेत त्याचं रक्तातलं प्रमाण चार-पाच तासांत निम्मं होतं, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर सुमारे सव्वा तासात, चेंबरमध्ये वीस-पंचवीस मिनिटांत. म्हणजे पालघरहून मास्क लावून निघालेल्या रुग्णाचं रक्त मुंबई येईतो बरंचसं निवळलेलं असतं. सहा महिन्यांनी तर हा वायू रक्तात औषधालाही सापडत नाही. उरतो तो मेंदूच्या गाभ्यात, ग्लोबस पॅलिडससारख्या भागात, मेलेल्या पेशींचा व्रण. आणि मेलेल्याला जाग येत नसते. चेंबर दाहही आवरतं म्हणे. आवरत असेल, पण तो पेटत असताना. ‘पण रुग्ण सुधारले ना?’ सुधारतातच. विस्मरण, अडखळती चाल ही लक्षणं कित्येकदा विषबाधेनंतर काही दिवसांनी, आठवड्यांनी उगवतात, आणि अशांतले बरेच जण वर्षभरात आपसूक सावरतात. त्याच वर्षात चाळीस सिटिंग बसवल्या, की श्रेय यंत्राचं. हा खेळ आपल्याकडे जुनाच: अंगात कणकण आली की सलाईन चढवायचं, ताप आपल्या वेळेला उतरला की बाटलीला नमस्कार. चेंबरविना राहिलेला तसाच गट शेजारी ठेवल्याशिवाय सुधारणा हा पुरावा होत नाही.

दाखला मिळतो 2002 च्या अमेरिकी चाचणीचा. चाचणी चांगलीच होती: 152 रुग्ण, सहा आठवड्यांनी बौद्धिक दोष चेंबरच्या गटात 25 टक्के, दुसऱ्यात 46. मात्र तिथे विषबाधेला 24 तास उलटण्याआधीचे रुग्ण घेतले होते आणि सिटिंग तीनच होत्या. 1999 च्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत तर फायदा दिसलाच नाही. तिचा उल्लेख कोणी करत नाही. कानाला इजा, क्वचित झटके, हेही जाहिरातीत नसतं. तारापूरच्या कारखान्यातून गळणारा प्रत्येक वायू कार्बन मोनॉक्साइड नसतो, हेही नसतं.

माझं म्हणणं थोडकं आहे. बेशुद्ध पडलेल्या वा गर्भवती रुग्णासाठी पहिल्या काही तासांत चेंबरचा विचार जरूर व्हावा. एरवी पैसा आणि धावपळ पहिल्या तासासाठी राखावी. बोटीच्या केबिनमध्ये वा बंद खोलीत कोणी कोसळला, तर मोकळी हवा, लगेच शुद्ध ऑक्सिजन आणि या वायूची रक्ततपासणी. बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर अशा वेळी खुशाल 98 दाखवतो, त्यावर विसंबू नये. गॅस गिझर न्हाणीघराबाहेर बसवा, जनरेटर घराबाहेर ठेवा. मेंदू वाचवण्याचा याहून स्वस्त उपाय नाही.