रात्र कुठे काढली, हे डॉक्टरांना सांगा



आजचा विषय थोडा वेगळा आहे. एरवी आपण बीपी, शुगर, थायरॉईड यावर बोलतो. आज जंगलात, उघड्यावर मुक्काम करण्याबद्दल बोलायचं आहे. मुरुमसारख्या गावातल्या डॉक्टरचा या विषयाशी काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. संबंध कसा आला ते आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळ्याचे दिवस होते. सकाळी सातच्या सुमारास एका कॉलेजच्या मुलाला त्याचा मित्र मोटारसायकलवर घेऊन आला. पोटात कळ येत होती, दोन उलट्या झाल्या होत्या. "रात्री काय खाल्लंस?" विचारलं, तर म्हणाला, "काका, बाहेर मिसळ खाल्ली." ताप नव्हता, पोट मऊ होतं, बीपी ठीक होतं. मी ॲसिडिटीचं आणि उलटीचं इंजेक्शन दिलं आणि थोडा वेळ पडून राहायला सांगितलं.

अर्ध्या तासाने सिस्टरने मला बोलावलं. मुलगा म्हणत होता, "झोप येतेय, डोळे उघडत नाहीत." त्याच्या दोन्ही पापण्या खाली आल्या होत्या. एकाचे दोन दिसत होते. थुंकी गिळता येत नव्हती. मी मित्राला बाजूला घेतलं आणि जरा दरडावूनच विचारलं, "रात्री कुठे होता तुम्ही?" तो आधी गप्प. मग रडायला लागला. चौघे मित्र वनखात्याच्या हद्दीत गुपचूप मुक्कामाला गेले होते. ताडपत्री अंथरून जमिनीवर झोपले होते. घरी "मित्राच्या खोलीवर अभ्यासाला जातो" असं सांगितलं होतं. "खरं सांगितलं तर वनखातं केस करेल आणि पप्पा मारतील," म्हणून दोघांनी मिसळीची गोष्ट रचली होती.

तो मण्यारचा दंश होता. अंगावर दाताची खूण शोधूनही सापडली नाही. सर्पविषावरचं औषध सुरू केलं आणि ॲम्ब्युलन्समधून त्याला सोलापूरला पाठवलं. वाटेत श्वास मंदावला, तेव्हा सोबतच्या डॉक्टरांनी ॲम्बू बॅगने हाताने श्वास दिला. पाच दिवस व्हेंटिलेटरवर राहून पोरगा वाचला. पण माझ्याकडे तो अर्धा तास वाया गेला, ही गोष्ट मी अजून विसरलेलो नाही. सकाळी पोटदुखी घेऊन आलेल्या माणसाला "रात्री कुठे झोपला होतास?" हा प्रश्न मी आता कधीच चुकवत नाही.

मण्यार समजून घ्या

आपल्याकडे माणसाचा जीव घेणारे मुख्य विषारी साप चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. त्यात मण्यारची गोष्ट वेगळी आहे. ती रात्री फिरते. जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दात बारीक असल्यामुळे दुखत नाही, सूज येत नाही. बरेचदा झोपलेल्याला जागही येत नाही. पहाटे पोट दुखतं, उलटी होते, घसा आवळल्यासारखा वाटतो. त्यानंतर पापण्या खाली येतात, बोलणं जड होतं आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. तोपर्यंत व्हेंटिलेटर मिळाला नाही, तर शुद्धीवर असलेला माणूस श्वास घेता न आल्याने जातो.

भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. यातली बहुतेक खेड्यातली. शेतात राखणीला झोपणारा शेतकरी, कोपीत राहणारे ऊसतोड कामगार, मेंढरांमागे फिरणारा धनगर. त्यांना उघड्यावर झोपण्यावाचून पर्याय नसतो. आता त्यात हौसेने उघड्यावर झोपणारी आपली शिकलेली मुलं आली आहेत. मण्यारला दोघांमधला फरक कळत नाही.

मग जाऊच नये का?

जरूर जावं! हे मी डॉक्टर म्हणून म्हणतो. दिवसभर चालणं, अंधार पडल्यावर झोपणं, मोबाईलला रेंज नसणं, चार मित्रांशी समोरासमोर बोलणं. माझ्या ओपीडीत झोप न येणारी, चिडचिड करणारी विशीतली मुलं येतात. त्यांच्यातल्या अनेकांना गोळीपेक्षा अशा दोन रात्रींची जास्त गरज आहे.

प्रश्न आहे तो कसं आणि कुठे जायचं याचा. अमेरिकेत सरकारी जंगलात ठरलेल्या कॅम्पच्या बाहेर, कुठलीही सोय नसलेल्या जागी तंबू टाकायची मुभा असते. पाणी नाही, संडास नाही, कचरापेटी नाही. सगळं आपलं आपण न्यायचं आणि परत आणायचं. बहुतेक ठिकाणी एका जागी १४ दिवसांपर्यंत राहता येतं. आपली मुलं हे व्हिडिओ बघतात आणि त्यांना वाटतं, आपणही असंच करावं. पण तिथली ही राष्ट्रीय वनं आपल्या अख्ख्या महाराष्ट्राच्या सुमारे अडीच पट आहेत. आपला धाराशिव जिल्हा हा राज्यात सर्वांत कमी जंगल असणाऱ्या जिल्ह्यांपैकी एक. येडशीचं रामलिंग घाट अभयारण्य १९९७ मध्ये जाहीर झालं, ते सुमारे २२ चौरस किलोमीटरचं. त्यातच देवस्थान आहे, श्रावणात गर्दी आहे, आणि आजूबाजूला गावं व गुरं आहेत. २०२४ च्या अखेरीस यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरकडून निघालेला एक वाघही तिथे येऊन पोचला होता. एवढ्याशा जंगलात ज्याला वाटेल त्याने वाटेल तिथे तंबू ठोकला, तर जनावरांनी जायचं कुठे?

म्हणून "कुठेही मुक्काम" ही पद्धत आपल्याकडे नको, असं माझं स्पष्ट मत आहे. कायदाही तेच सांगतो. अभयारण्यात परवानगीशिवाय जाता येत नाही आणि राखीव वनात आग पेटवणं गुन्हा आहे.

पण नुसती बंदी पुरेशी नाही

आता दुसरी बाजू. नुसती बंदी घातली की मुलं जायची थांबत नाहीत, ती लपून जातात. लपून गेलेला मुलगा घरी सांगत नाही, गावात सांगत नाही आणि आजारी पडला तर डॉक्टरलाही सांगत नाही. माझ्या पेशंटच्या बाबतीत सापाच्या विषाएवढाच धोका या लपवालपवीचा होता.

म्हणून मला वाटतं, वनखात्याने जंगलाच्या कडेला मोजक्या जागा ठरवून द्याव्यात. तिथे सोयी काही नकोत. हॉटेल, लाईट, डीजे तर अजिबात नको. एक सपाट जागा असावी आणि एका रात्रीत किती माणसं राहतील, त्याचा आकडा ठरलेला असावा. गावातल्या वनव्यवस्थापन समितीकडे एक वही असावी, तिच्यात नाव, गाव, घरचा फोन लिहायचा. चार पैसे समितीला मिळतील. शेजारी एक पाटी असावी: सर्पदंशावरचं औषध असलेलं जवळचं सरकारी रुग्णालय कोणतं आणि किती अंतरावर आहे.

यावर एक आक्षेप येतो, की परवानगी दिली की गर्दी होईल. भंडारदऱ्याच्या परिसरात पावसाच्या तोंडावर काजवे बघायला किती गाड्या लोटतात, ते आपण बातम्यांत बघतोच. आक्षेप खरा आहे. म्हणूनच आकडा ठरवा म्हणतो. आज गर्दी होतेच आहे, फक्त ती कुठल्याच वहीत नाही.

जाणाऱ्यांनी एवढं पाळा

झोपण्याची जागा: तळ शिवलेला आणि चेन पूर्ण लागणारा तंबू घ्या. तंबू नसेल तर मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचा. मच्छरदाणीमुळे मण्यारच्या दंशाचा धोका बराच कमी होतो. दगडांचे ढीग, वारुळं, दाट गवत यांच्याजवळ झोपू नका. खरकटं बाहेर ठेवू नका. खरकट्याला उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. रात्री उठाल तर बॅटरी आणि बूट. बूट घालण्याआधी झटका, विंचू आत बसतो.

आग: उन्हाळ्यात शेकोटी नकोच. मार्च २०१८ मध्ये तमिळनाडूतल्या कुरंगणीच्या डोंगरात ट्रेकला गेलेली माणसं वणव्यात सापडली आणि वीसहून अधिक जणांचा जीव गेला. थंडीतही तंबूच्या आत शेगडी किंवा कोळसे कधीच ठेवू नका. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमध्ये खोली बंद करून गॅस हीटर लावून झोपलेले केरळचे आठ पर्यटक गेले, त्यात लहान मुलंही होती. या वायूला वास नसतो, जाग येत नाही.

थंडी आणि पाऊस: ऑगस्ट २०२३ मध्ये हरिश्चंद्रगडावर पावसात वाट चुकलेल्या तरुणांपैकी एकाचा थंडीने मृत्यू झाला. ऑगस्टमध्ये आणि तेही महाराष्ट्रात! ओले कपडे आणि वारा एकत्र आले की शरीराचं तापमान झपाट्याने उतरतं. कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लास्टिकच्या पिशवीत वेगळा ठेवा. थरथरणारा माणूस असंबद्ध बोलायला लागला, तर त्याला लगेच कोरडं करा, पांघरूण द्या आणि खाली न्या. दारूने थंडी पळते हा गैरसमज आहे. दारूने अंगातली उष्णता आणखी निघून जाते.

पाणी आणि शौच: ओढ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं, तरी वरच्या अंगाला गुरं पाण्यात उतरलेली असतात. पाणी खळखळून उकळा, किंवा क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबा. शौचाला पाण्यापासून किमान ऐंशी पावलं लांब जा, वीतभर खोल खड्डा करा आणि माती लोटा. साबणाने हात धुवा, पण तोही ओढ्यात नको. खालच्या वस्तीतली बाई तेच पाणी भरते.

साप चावला किंवा चावल्याची शंका आली तर: कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. अंगठी, कडं काढा. हात किंवा पाय फळीला सैल बांधून स्थिर ठेवा. चालवू नका, उचलून आणा. १०८ ला फोन करा. साप मारून आणण्यात वेळ घालवू नका. मांत्रिकाकडे गेलेला एक तासही परत मिळत नाही.

परत आल्यावरही लक्ष ठेवा

जंगलातून आल्यावर एक ते तीन आठवड्यांत ताप आला, तर तो नेहमीचा व्हायरल असेलच असं नाही. गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्यातून स्क्रब टायफस होतो. काखेत, जांघेत किंवा कमरेपाशी विडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली दिसते. ती दुखत नाही, म्हणून पेशंट दाखवत नाही. वेळेत ओळखला तर डॉक्सीसायक्लिनसारख्या स्वस्त औषधाने बरा होतो. उशीर झाला तर फुप्फुस आणि किडनीवर जातो. सिंधुदुर्गातल्या दोडामार्गकडच्या जंगलात जाऊन आला असाल, तर गोचिडीतून होणारा माकडताप डॉक्टरांच्या लक्षात आणून द्या. २०१६ मध्ये त्या भागात त्याची साथ आली होती. या सगळ्यांत निदानाची किल्ली पेशंटच्या एका वाक्यात असते: "डॉक्टर, मी अमुक दिवशी जंगलात झोपलो होतो."

आईवडिलांना विनंती

तुमचा मुलगा किंवा मुलगी रात्री बाहेर राहायचं म्हणते, तेव्हा आधी "नाही" म्हणू नका. कोण बरोबर आहे, जागा कोणती, परवानगी घेतली का, परत कधी, एवढं विचारा आणि कागदावर लिहून घ्या. काही चुकलं, तर रागवायला नंतर भरपूर वेळ आहे. आधी दवाखाना.

त्या मुलाचे वडील माझे जुने पेशंट. पोरगा घरी आल्यावर ते मला म्हणाले, "साहेब, मी मारीन म्हणून त्याने सांगितलं नाही. मी त्याला आजवर एकदाही मारलेलं नाही." मी म्हटलं, "ते त्याला एकदा बसवून सांगा." तो मुलगा आता नोकरीला आहे आणि अजूनही ट्रेकला जातो. जायच्या आदल्या दिवशी तो घरी सांगतो, आणि मलाही एक मेसेज करतो: जागा, सोबत कोण, परत कधी.

तुम्हीही तेवढं करा. काळजी घ्या.