गाडी कंपनीची झाली, आरक्षण खाली उतरले

दरवर्षी ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर लाखोंचा भीमसागर लोटतो. शिवाजी पार्कवर पुस्तकांचे स्टॉल लागतात, रांगा लागतात, भोजनदान होते. आणि रात्रंदिवस कचऱ्याच्या गाड्या फिरत असतात. त्या गाडीच्या मागे उभा असलेला मोटर लोडर बहुधा आपलाच समाजबांधव असतो. छातीवर बाबासाहेबांचा बिल्ला लावून तो काम करतो. आपण त्याला जयभीम घालतो, तोही हात वर करतो. पण गाडीच्या पुढच्या सीटवर, स्टिअरिंग धरून बसलेल्या माणसाकडे आपण कधी पाहिले आहे काय? तो कोणाचा नोकर आहे, हे त्याला कधी विचारले आहे काय?

विचारले तर उत्तर मिळेल, ‘कंपनीचा.’

मुंबई महापालिकेत गेली अनेक वर्षे एक व्यवस्था रूढ आहे. कचरा वाहून नेणाऱ्या बहुतेक गाड्या ठेकेदार कंपन्यांच्या आणि त्यांचे ड्रायव्हरही त्यांचेच. कचरा उचलणारा मोटर लोडर मात्र महापालिकेचा. म्हणजे लालबाग-परळच्या गल्ल्यांतून महालक्ष्मीच्या कचरा हस्तांतरण केंद्राकडे जाणाऱ्या एकाच गाडीत दोन प्रकारचे कामगार. मागच्याला कायम नोकरी, हजेरीपट, भविष्य निर्वाह निधी, संघटना. पुढच्याला ठेक्याची मुदत असेपर्यंत नोकरी आणि ठेकेदाराची मर्जी.

२०२५ साली महापालिकेने आणखी एक पाऊल टाकले. गाडी आणि ड्रायव्हरबरोबर कचरा उचलणारे मनुष्यबळही ठेकेदारानेच पुरवायचे, अशी कोट्यवधी रुपयांची निविदा काढली. कामगार संघटना एकत्र आल्या, जुलैमध्ये संपाची हाक दिली गेली, मग प्रशासनाला वाटाघाटीला बसावे लागले. लढा रास्तच होता. पण आपल्याला एक प्रश्न स्वतःला विचारावा लागेल. मागचा माणूस जाऊ लागला तेव्हा आपण रस्त्यावर उतरलो. पुढच्या सीटवरचा माणूस कधीच गेला होता, तेव्हा आपण कोठे होतो?

या प्रश्नाचा आरक्षणाशी थेट संबंध आहे. महापालिकेत वाहनचालकाचे पद भरायचे तर बिंदुनामावली पाळावी लागते. अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्गीय यांच्या जागा राखाव्या लागतात. राज्यघटनेच्या कलम १६(४) मुळे ते शक्य झाले. तीच गाडी ठेकेदाराची झाली की बिंदुनामावली संपली, जाहिरात संपली, निवड यादी संपली. कोणाला ठेवायचे ते ठेकेदाराचा सुपरवायझर ठरवणार. आरक्षण रद्द करण्यासाठी संसदेत विधेयक आणण्याची गरजच उरली नाही. निविदेच्या कागदावर एक सही झाली आणि आरक्षण गाडीतून खाली उतरले. यालाच आपण खाउजा म्हणतो. खाजगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण या तीन शब्दांचा हा गल्लीतला अर्थ आहे.

यात आणखी एक मेख आहे. झाडू आणि टोपली हे काम या देशाने जातीवर लादले. झाडूवाल्याच्या मुलाने ड्रायव्हर व्हावे, ड्रायव्हरच्या मुलाने शिकून अधिकारी व्हावे, ही एक शिडी होती. त्या शिडीची मधली पायरी काढून घेतली गेली आहे. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी नेमके हेच दाखवून दिले होते. अस्पृश्य कामगार रेल्वेत गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच राहतो, वरच्या जागा त्याला मिळत नाहीत, हे त्यांनी मांडले. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे त्यांनी त्याच परिषदेत सांगितले. आमच्या गिरणगावात तर हे डोळ्यांसमोर होते. सूत तोंडाने ओढावे लागते म्हणून विणकाम खात्यात अस्पृश्यांना शिरकाव नव्हता. जास्त पगाराचे खाते बंद, कमी पगाराचे खाते खुले! आज विटाळाचे नाव कोणी घेत नाही. ठेक्याचे नाव घेतात. परिणाम तोच.

खाजगी मालवाहतुकीत काय चालते, ते वकील म्हणून मी जवळून पाहिले आहे. नायगावच्या बीडीडी चाळीत वाढलेला एक तरुण माझ्याकडे आला. बारावी झालेला, हेवी लायसन्स असलेला. एका वाहतूक कंपनीचा ट्रक तो चालवत होता. शहरात दिवसा जड वाहनांना प्रवेशबंदीच्या वेळा असतात, म्हणून शिवडीच्या गोदामातून माल भरायचा आणि रात्रभर पोहोचवायचा. झोप गाडीतच. अशी नऊ वर्षे काढली. एका पहाटे गाडी दुभाजकावर आदळली आणि त्याच्या पायाचा चुराडा झाला. कंपनीने सांगितले, हा आमचा माणूस नाही. गाडी भाड्याने दिलेली होती, ड्रायव्हर मुकादमाने आणला. नेमणूकपत्र नव्हते. नऊ वर्षांत पगाराच्या पाकिटावरचे कंपनीचे नाव तीन वेळा बदलले होते. ऑफिस तेच, मालक तोच. तो मला म्हणाला, “दादा, नऊ वर्षं गाडी चालवली, आता विचारतात, तू कोण?”

त्याला वाचवले त्याच्या पत्नीने. तिने प्रत्येक खेपेचे सही-शिक्क्याचे चलन एका प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवले होते. ती पिशवी तिने माझ्या टेबलावर ठेवली. त्या चलनांवर आणि मोबाईलवर आलेल्या ड्युटीच्या मेसेजवर आम्ही नुकसानभरपाईचा दावा उभा केला. शेवटी कंपनी तडजोडीला आली. भरपाई मिळाली. नोकरी मिळाली नाही.

माझे वडील गिरणीत बदली कामगार होते. रोज सकाळी गेटवर उभे राहायचे, कोणाचा खाडा पडला तर आत घ्यायचे, नाहीतर घरी. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर ते गेटच बंद झाले. पण बदली कामगाराकडेही बदली पास होता. आजच्या कंपनी-ड्रायव्हरकडे तोही नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ चा स्वतंत्र कायदा होता. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास, सलग ५ तासांनंतर अर्धा तास विश्रांती, आठवड्याची सुट्टी, जादा कामाला दुप्पट दर, असे त्यात लिहिले होते. आठवड्याचे हे ४८ तास आकाशातून पडलेले नाहीत. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात बाबासाहेब मजूरमंत्री असताना कारखान्यांतील ५४ तास ४८ वर आणणारी दुरुस्ती त्यांच्या खात्याने आणली आणि १९४६ साली ती मंजूर झाली. १९६१ चा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या वाहतूक संस्थेला लागू होता. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार कामगार संहिता लागू झाल्या आणि हा कायदा इतिहासजमा झाला. त्याची जागा घेणाऱ्या सुरक्षा व आरोग्यविषयक संहितेत वाहतूक संस्थेसाठी पाचाचे दहा झाले. म्हणजे पाच ते नऊ कामगारांचा मालक मोकळा! आणि दहावा माणूस भावाच्या नावाने दुसरी फर्म काढून तिच्यात दाखवायला कितीसा वेळ लागतो? ठेका कामगारांच्या १९७० च्या केंद्रीय कायद्यात मूळ मर्यादा २० कामगारांची होती, ती आता ५० आहे.

दुसरीकडे ड्रायव्हरची शिक्षा मात्र वाढली. भारतीय दंड विधानाच्या कलम ३०४-अ मध्ये हयगयीने मृत्यू घडवल्यास कमाल दोन वर्षे कैद होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) मध्ये ती पाच वर्षे आहे. अपघातानंतर न कळवता पळून गेल्यास दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद कलम १०६(२) मध्ये केली होती. तिच्याविरुद्ध जानेवारी २०२४ मध्ये देशभर ट्रकचालकांनी चाके थांबवली, मुंबईत पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या, तेव्हा कुठे ते उपकलम स्थगित ठेवावे लागले. रस्त्यावर मरणाऱ्यांत पायी चालणारा गरीबच अधिक असतो, म्हणून बेफिकीर ड्रायव्हरला शिक्षा झालीच पाहिजे, याबद्दल वाद नाही. पण सोळा तास जागवून, खेप चुकली तर पैसे कापण्याची धमकी देऊन ज्याने गाडी पळवायला लावली, तो मालक आरोपीच्या पिंजऱ्यात का नसतो?

खरा मालक कोण, हे शोधण्याचा मार्ग न्यायालयांनी अनेकदा दाखवला आहे. १९७८ च्या हुसेनभाई खटल्यात न्या. कृष्णा अय्यर यांनी मधल्या ठेकेदाराचा पडदा बाजूला सारून पाहायला शिकवले. १९९६ च्या एअर इंडिया निकालाने ठेका रद्द झाल्यावर कामगार आपोआप मूळ मालकाचा होईल असे म्हटले. २००१ च्या स्टील अथॉरिटी निकालाने तो दरवाजा बंद केला. पण कागदापुरताच ठेका असेल तर कामगार मूळ मालकाचाच, हे त्याही निकालाने मान्य केले आहे. २००९ साली एस.टी. महामंडळाविरुद्ध कास्ट्राईब संघटनेने बस धुणाऱ्या हंगामी कामगारांचा खटला सर्वोच्च न्यायालयात जिंकला. २०१७ साली कचरा वाहतूक श्रमिक संघाच्या लढ्यामुळे मुंबई महापालिकेच्या २,७०० ठेका सफाई कामगारांना कायम करण्याचा मार्ग मोकळा झाला. या लढाया वर्षानुवर्षे चालल्या. संघटना होती आणि कागद होते, म्हणूनच त्या जिंकता आल्या.

काही जण म्हणतील, ठेका पद्धत स्वस्त पडते. स्वस्त कोणाला? ड्रायव्हरच्या झोपेतून, त्याच्या निवृत्तिवेतनातून आणि आपल्या आरक्षणातून जी बचत होते, तिला काटकसर म्हणत नाहीत, लूट म्हणतात. आणि एक कडू गोष्टही बोलली पाहिजे. आता आपल्यातलेही काही बांधव ठेकेदार झाले आहेत. त्यांनी प्रगती करावी, आनंदच आहे. पण कार्यालयात बाबासाहेबांची तसबीर लावायची आणि ड्रायव्हरला नेमणूकपत्र द्यायचे नाही, हे चालणार नाही. ठेकेदार जयभीमवाला असला म्हणून ठेकेदारी आंबेडकरवादी होत नाही.

मग करायचे काय? चळवळीने तीन मागण्या लावून धराव्यात. पहिली, महापालिका आणि सरकारी उपक्रमांत कायम स्वरूपाच्या कामाची वाहनचालकांची पदे बिंदुनामावलीनुसार कायम भरावीत. दुसरी, तोपर्यंत ठेकेदार बदलला तरी ड्रायव्हर बदलणार नाही आणि त्याची सेवा शून्यापासून मोजली जाणार नाही, अशी अट प्रत्येक निविदेत घालावी. तिसरी, पगार थकला तर मूळ मालकाने तो द्यावा, ही कायद्यातील जबाबदारी प्रत्यक्षात वसूल करावी.

आणि ड्रायव्हर बांधवांना माझे सांगणे आहे. नव्या संहितेत नेमणूकपत्र देणे मालकावर बंधनकारक केले आहे, ते लेखी मागा. मालक किती कामगार दाखवतो, तेही तपासा. किमान वेतनाचा हक्क मात्र कामगारांच्या संख्येवर अवलंबून नाही. पगार बँकेतूनच घ्या. भविष्य निर्वाह निधीचा आणि राज्य विम्याचा क्रमांक स्वतःजवळ ठेवा. लॉगशीट, चलन, टोलची पावती, मेसेज, काहीही फेकू नका. अपघातात भरपाईसाठी ठेकेदाराबरोबर मूळ मालकालाही जबाबदार धरता येते, हे तत्त्व १९२३ च्या कायद्यापासून चालत आले आहे आणि नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम आहे.

गिरणगावातील प्रत्येक बुद्धविहारात रविवारी वंदनेनंतर एक तास या कागदांसाठी देता येईल. वकील आहेत, शिकलेली मुले-मुली आहेत. एका ड्रायव्हरची पिशवी उघडायची, कागद लावायचे, अर्ज लिहायचा. पुढच्या ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर गाडी दिसली की मागच्या बांधवाला जयभीम घाला, आणि दोन पावले पुढे जाऊन केबिनमधल्या माणसालाही घाला. मग त्याला विचारा, तुझ्याकडे नेमणूकपत्र आहे काय?

जयभीम!