शस्त्रपूजनाकडून शस्त्रवाचनाकडे

दसऱ्याला आपण शस्त्रांची पूजा करतो. तलवारीला हळदकुंकू वाहतो, झेंडूचे फूल ठेवतो आणि वर्षभरासाठी तिला पुन्हा माळ्यावर टाकतो. पूजेत गैर काहीच नाही. पण शस्त्र वाचायचे मात्र राहून जाते. ‘शस्त्र वाचायचे?’ असे कुणी विचारील. जुन्या जर्मन लष्करी बंदुकांचेच उदाहरण घेऊन मी माझे म्हणणे मांडतो.

नाशिककरांना पिस्तूल म्हटले की २१ डिसेंबर १९०९ चा दिवस, विजयानंद नाट्यगृह आणि अनंत कान्हेरे आठवतात. ते पिस्तूल ब्राउनिंगचे होते, हेही आपण सांगतो. परंतु ज्या माउझर बंदुकांसमोर शेकडो मराठी जवान उभे राहिले, त्यांचे नावही आपल्या बोलण्यात येत नाही. तुर्कस्तानने आपल्या फौजेसाठी जर्मनीतील ओबर्नडॉर्फच्या माउझर कारखान्यातून बंदुका घेतल्या होत्या. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत कुत-अल-अमारा येथे वेढ्यात अडकलेल्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी होत्या. पुढे १० जुलै १९४४ रोजी इटलीत नाईक यशवंत घाडगे यांनी एकट्याने जर्मन मशीनगनच्या ठाण्यावर चाल केली आणि शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते पडले. जर्मन पायदळाची नेहमीची बंदूक तेव्हाही माउझरच होती.

म्हणून ही बंदूक परकी असली, तरी तिचा इतिहास आपल्याला परका नाही. तिच्यावर कारखान्याचे नाव, वर्ष आणि क्रमांक कोरलेले असतात. तोच क्रमांक लहानमोठ्या भागांवरही असतो. त्यावरून मूळचा भाग कोणता आणि बदललेला कोणता, हे कळते. १८७१ च्या माउझरमध्ये एका वेळी एकच काडतूस बसे. १८८४ मध्ये नळीखालच्या नळकांड्यात आठ काडतुसे मावू लागली, तर १८९८ च्या बंदुकीत वरून पाच भरण्याची सोय झाली. ताम्रपट वाचावा तशीच ही बंदूक वाचावी लागते. हौसेने पॉलिशपेपर घासून तिला चकचकीत करणारा मनुष्य शिलालेखावर छिन्नी चालवणाऱ्याहून वेगळा नव्हे.

पण मित्रहो, ताम्रपट कुणाचा जीव घेत नाही. बंदूक शंभर वर्षांनीही घेऊ शकते. तेव्हा ती हाती घेताना पहिला नियम हाच, की ती भरलेलीच आहे असे समजावे. नळी निर्जन दिशेला ठेवून, चापाला बोट न लावता, बोल्ट उघडून आतली जागा डोळ्यांनी पाहावी आणि बोटानेही चाचपावी. उडवून पाहण्याचा मोह तर नकोच. १८८८ च्या जर्मन बंदुकीच्या मूळ नळीत नंतरच्या, किंचित जाड गोळीचे काडतूस घातले तर बंदूक फुटून चालवणाऱ्याचाच घात होऊ शकतो.

कायदाही हेच जाणतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याने पुराण्या शस्त्रांना सूट दिली आहे. पण ती केवळ वयामुळे मिळत नाही. दुरुस्त करूनही जिचा बार निघणार नाही, तिलाच ती सूट. बार निघत असेल तर आजोबांच्या बंदुकीलाही परवाना हवाच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारणपणे एका व्यक्तीला दोनच बंदुका ठेवता येतात. संग्राहकांना हे जाचक वाटते. मला मात्र ते योग्य वाटते. दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगलेली चालू बंदूक ही शोभा नसून टांगती तलवार आहे. तिची खरी जागा संग्रहालयात, तीही नुसत्या ‘जर्मन बंदूक’ अशा चिठ्ठीसह नव्हे, तर ती कुठून आली आणि कुणाच्या हातून आली, या माहितीसह.

हे काम कुणी करायचे? देवळालीची तोफखाना शाळा आपल्या शेजारी आहे आणि सैन्यात गेलेल्या माणसांची घरे आपल्या गावोगावी आहेत. इतिहास विभागाने विद्यार्थ्यांना वह्या देऊन त्या घरी पाठवावे. शस्त्राला हात न लावताही त्याची हकीकत, जुने परवाने, पत्रे आणि पदके यांची नोंद करता येईल. बंदूक लोखंडाची असते, ती टिकेल. ती पाहिलेली माणसे मात्र थांबणार नाहीत. पुढच्या दसऱ्याला हळदकुंकवाच्या शेजारी एक वही ठेवा, इतकेच माझे मागणे आहे.